नसलेल्या हाताचं दुखणं

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावरून लोणच्याच्या बरण्या, पाण्याचा जग आणि माझ्या शिकवणीच्या वह्या उचलल्या जातात आणि तिथे एक शहर वसतं. शहराचं नाव नाइट सिटी. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे असं माझा मुलगा सांगतो. नकाशात शोधू नका, मिळायचं नाही. तिथे साल आहे २०४५. सरकार नावापुरतं, राज्य मोठमोठ्या कंपन्यांचं, आणि माणसं हात, पाय, डोळे, कान काढून त्या जागी यंत्राचे अवयव बसवून घेतात. दर वेळी अपघात झालेला असतो म्हणून नव्हे; आपण नाक टोचून घ्यावं तितक्या सहजपणे, हौसेखातर.

हा खेळ आहे आणि त्याचं नाव ‘सायबरपंक रेड’. माझा मुलगा, त्याचे दोन मित्र आणि ऑफिसातली एक मैत्रीण असे चौघंजण तो खेळतात. चौघंही पंचविशी ओलांडलेले, पगारदार. पहिल्या शनिवारी मला वाटलं पत्ते असतील. पत्ते नव्हते. पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. होते ते कागद, पेन्सिली, एक जाडजूड नियमांचं पुस्तक आणि मूठभर फासे. एकजण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणायचं. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक माणसं होतात. ‘मी दार तोडतो,’ असं एकाने म्हणायचं आणि दार तुटलं की नाही ते फाशांनी ठरवायचं. लहानपणीची भातुकलीच ही, फक्त तिला कायद्याचं पुस्तक जोडलेलं. आणि भातुकलीतल्या भांडणांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना कायद्याचं पुस्तक किती गरजेचं आहे हे सांगायला नको.

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे गोष्टीपेक्षा माझं लक्ष फाशांकडे गेलं. दहा बाजूंचा फासा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला आणि तो हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसले, हे कबूल करते.

ज्या शनिवारबद्दल लिहायला बसले आहे, त्या दिवशी मैत्रिणीच्या पात्राला गोळी लागली. नियम असा, की इजा मोजण्यासाठी टाकलेल्या फाशांत दोन किंवा जास्त षटकार आले तर साध्या जखमेबरोबर एक गंभीर दुखापतही होते. ती कोणती, हे ठरवायला पुन्हा दोन फासे टाकून तक्ता बघायचा. बेरीज सात आली तर अंगात काहीतरी घुसून राहिलेलं, आठला पाय मोडलेला, अकराला बोटं चिरडलेली, बाराला पाय तुटलेला, तीनला पंजा तुटलेला आणि दोन आली तर अख्खा हात. तिची बेरीज दोन आली. छत्तिसात एक! मी आतून ओरडलेसुद्धा, ‘काय गं तुझं नशीब!’

ती मात्र खुशीत होती. ‘बरंच झालं,’ म्हणाली. ‘आता लोखंडी हात बसवते. त्याला काही लागत नाही, दुखत नाही. कटकट गेली.’

‘कुणी सांगितलं?’

आवाज कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीतून आला. तिथे माझा मामा बसला होता. मामा दोन वर्षांपासून आमच्याकडे राहतो. त्याचा डावा हात कोपराखाली चार बोटांवर संपतो. घरी येणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक असतं आणि सगळेजण ते आपल्याला ठाऊक नाही असं वागतात. त्या मुलीचा चेहरा एवढासा झाला. ‘सॉरी आजोबा, मी खेळातलं बोलत होते,’ ती म्हणाली.

‘मीही खेळातलंच विचारतोय,’ मामा म्हणाला. ‘दुखत नाही हे कुणी ठरवलं?’

कुणी ठरवलं, या प्रश्नाने मलाही पछाडलं. पुढचे दोन महिने मी मुलाच्या कपाटातली नियमांची पुस्तकं चाळत होते. या वयात हे काय खूळ, असं घरच्यांना वाटलं असेल, पण कुणी बोललं नाही.

या जातीचा पहिला प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. तलवारी, जादूगार, राक्षस असा सगळा मामला. त्यात प्रत्येक पात्राला काही ‘हिट पॉइंट’ असतात. मी त्यांना प्राणांक म्हणते. वार बसला की प्राणांक कमी होतात, शून्य झाले की खेळ खलास. पण गंमत अशी, की ज्याचे चाळीसपैकी एकोणचाळीस प्राणांक गेले आहेत, तो गडीही पहिल्याइतक्याच जोराने तलवार फिरवतो. शेवटचा अंक जाईपर्यंत त्याला काही होत नाही. दुखणं या नावाची गोष्ट त्या हिशेबात नाहीच.

असं का, याचं उत्तर मजेदार आहे. ही प्राणांकांची कल्पना आपण आधीच्या एका युद्धखेळातून उचलली, असं अर्नेसनने सांगितलेलं आहे. तो युद्धखेळ अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांचा होता. जहाजाला किती गोळे लागले की ते बुडतं, याचा तो हिशेब. जहाज बुडतं, पण जहाजाला दुखत नाही. तो हिशेब माणसाला लावला, एवढंच.

पुढच्यांना हे खटकलं. १९८६ साली आलेल्या ‘गर्प्स’ या खेळात वार बसला की पुढच्या क्षणी हात चुकतो, डोकं चालत नाही. जेवढी इजा तेवढे गुण वजा, फार तर चार. त्यातच, ‘मला दुखणं सोसतं’ हा गुण दहा अंक मोजून विकत घेता येतो. म्हणजे सोसणं ही त्या खेळात पुंजी आहे.

आणि १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या माइक पॉन्डस्मिथने ‘सायबरपंक’ काढला. त्याचीच आवृत्ती आमच्या टेबलावर आहे. १९९० सालच्या आवृत्तीत जखमांचे टप्पे फार बारकाईने बांधलेले आहेत: किरकोळ, गंभीर, अतिगंभीर, प्राणघातक. प्रत्येक टप्प्यावर अंगातलं बळ उतरत जातं. अतिगंभीरला निम्मं, त्यापुढे एक तृतीयांश. शुद्ध राहते की जाते, यासाठी वेगळे फासे. इथे माणसाला खरोखर दुखतं. पण हात लोखंडाचा असेल तर? तर त्या हाताला लागलेला मार माणसाच्या जखमांत धरायचाच नाही. हाताचा स्वतंत्र खातं. वीस गुणांचा मार बसला की हात निकामी, तीसला नष्ट. माणूस मात्र कोरडा.

फुकट काही मिळत नाही, हे पॉन्डस्मिथला कळत होतं. म्हणून त्याने किंमत लावली आणि ती पैशाखेरीज दुसऱ्या एका नाण्यात लावली. प्रत्येक पात्राला ‘ह्यूमॅनिटी’चे, म्हणजे माणूसपणाचे गुण असतात. एक यंत्रहात बसवला की दोन फासे टाकायचे आणि जेवढे पडतील तेवढं माणूसपण वजा करायचं. दर दहा गुणांमागे दुसऱ्याचं मन जाणण्याची शक्ती एका अंकाने उतरते. सगळं संपलं की माणूस पिसाळतो आणि त्याचा कागद गेम मास्टर काढून घेतो. १९८९ च्या ‘शॅडोरन’ या खेळात तर आणखी कडक कारभार. तिथे जन्मतः सहा अंकांचं सत्त्व मिळतं, एका यंत्रहाताला किंवा पायाला एक अंक जातो, आणि सत्त्व शून्य झालं की मरण.

‘दुखणं पुसणारी चिप’ही या खेळांत मिळते. पेन एडिटर तिचं नाव. ती बसवली की गंभीर जखमी माणसाला जे वजा दोन लागू होतात, ते लागू होत नाहीत. तिच्यासाठीही माणूसपण मोजावं लागतं.

हे सगळं वाचताना मला सारखा मामा आठवत होता. म्हणजे खुर्चीतला नव्हे, १९७८ सालचा.

भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये तो पॉवर प्रेसवर होता. वय सव्वीस. प्रेसला पुढे जाळी हवी, ती नव्हती. उत्पादन कमी होतं म्हणून काढून ठेवलेली. आधी बोटं चिरडली, आठ दिवसांनी विष चढलं म्हणून पंजा काढला, आणि मग आणखी वर. मालक एकदा सफरचंदं घेऊन आले. त्यानंतर त्यांचा मुनीम आला, कागदावर सही घेऊन गेला. उजवा हात शाबूत असल्याने सही करता आली, हे मामाच हसत सांगायचा.

त्याला पुढे पट्ट्यांचा, टोकाला आकडा असलेला कृत्रिम हात मिळाला. खांदा उचकावला की आकडा उघडायचा. त्याने तो नऊ वर्षं वापरला. त्या हाताने तो सायकल चालवायचा, स्क्रू पिळायचा, आणि आम्हां मुलांना घाबरवायचासुद्धा. मे महिन्यात घामाने पट्टे काचायचे, खुंटाला फोड यायचे. मग एक दिवस तो हात माळ्यावर गेला तो गेलाच.

पण या सगळ्यापेक्षा आमच्या घरात चर्चा असायची ती त्याच्या रात्रींची. मामा रात्री उठून बसायचा आणि म्हणायचा, ‘मूठ आवळली गेलीय, उघडत नाही.’ कुठली मूठ? डावी. जी नाही ती. नखं तळव्यात रुततात, करंगळीत मिरची लागल्यासारखी आग होते, असं तो सांगायचा. आजीने तो काढलेला हात इस्पितळाने कुठे टाकला याची चौकशी केली, दृष्ट काढली, दोन ठिकाणी नारळ फोडले. माझी आई शिकलेली. ती म्हणायची, ‘हात नाही तर दुखेल कसा? मनाचे खेळ आहेत. कामाला लाग म्हणजे विसरशील.’ आणि मी नऊ-दहा वर्षांची होते, मी काय करत असे तर मैत्रिणींना घेऊन यायचे आणि विचारायचे, ‘मामा, आत्ता कुठलं बोट दुखतंय रे?’ तो बिचारा खरं उत्तर द्यायचा. आम्ही फिदीफिदी हसत पळायचो. काही वर्षांनी त्याने सांगणंच बंद केलं. आम्हाला वाटलं, बरा झाला.

यात मनाचे खेळ काहीच नव्हते, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत होतं. आमच्या घराला नव्हतं. सोळाव्या शतकात आंब्रोआझ पारे या फ्रेंच लष्करी शल्यचिकित्सकाने कापलेल्या अवयवांत दुखतं अशी सैनिकांची तक्रार नोंदवून ठेवली आहे. तिला नाव मिळालं ते १८७१ साली: फँटम लिंब, भुताचा अवयव म्हणा हवं तर. नाव देणारा डॉक्टर सायलस वेअर मिचेल. त्याने फिलाडेल्फियात ज्यांच्यावर उपचार केले, ते सैनिक अमेरिकन यादवी युद्धातले होते. वाचकांच्या लक्षात आलं असेल, ज्या युद्धातल्या जहाजांवरून खेळातले प्राणांक आले, तेच हे युद्ध. खेळवाल्यांनी त्यातली जहाजं घेतली. माणसं घेतली असती, तर नियम निराळे झाले असते.

या मिचेलने आणखी एक उद्योग केला होता. १८६६ साली ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात त्याने स्वतःचं नाव न देता एक कथा लिहिली. तिचा नायक जॉर्ज डेडलो युद्धात दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावतो. नसलेले अवयव त्याला छळतात, हे तर आहेच. पण जसजसं शरीर कमी झालं तसतसं ‘मी’पणाही कमी होत चालला, असं तो सांगतो. वाचकांना ही सत्यकथाच वाटली. लोकांनी डेडलोसाठी पैसे पाठवले! माणूसपणाचे गुण वजा करण्याचा पॉन्डस्मिथचा नियम मी वाचला तेव्हा मला हा डेडलो आठवला. फरक एवढाच, की डेडलोचं माणूसपण अवयव गेल्यामुळे उणावतं, आणि नाइट सिटीत ते नवा अवयव बसवल्यामुळे.

आपल्याकडे विश्पलेची कथा आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात, रात्रीच्या लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडाचा पाय बसवून पुन्हा चालती केली. ती बाई होती की घोडी, यावर पंडितांचा वाद आहे, त्यात आपण नको पडायला. तिचं विश्पलापण काही कमी झालं असं सूक्तकर्ता म्हणत नाही. मात्र रात्री तिचा जुना पाय दुखायचा का, हेही त्याने विचारलेलं नाही.

कारण असं सांगतात, की हात गेला तरी मेंदूतला हाताचा नकाशा जात नाही. तुटलेल्या मज्जातंतूंची टोकंही खुंटात खोटे निरोप देत राहतात. हात आहे असं मेंदू धरून चालतो, त्याला हुकूम सोडतो आणि उत्तर येत नाही. मूळचे तमिळ, अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर एक स्वस्त उपाय काढला: एक खोकं आणि एक आरसा. शाबूत हात आरशासमोर धरायचा, म्हणजे गेलेल्या हाताच्या जागी त्याचं प्रतिबिंब दिसतं. मग दोन्ही मुठी उघडायच्या. डोळ्यांना दिसतं की डावी मूठ उघडली, आणि काहींची मूठ खरोखर सुटते. सगळ्यांची सुटत नाही. माझ्या मुलाने बुटांच्या खोक्यात आरसा बसवून मामाला दिला. मामाने त्यात पाहिलं आणि त्याचा चेहरा असा काही झाला, की मी स्वयंपाकघरात निघून गेले. सत्तेचाळीस वर्षांनी तो स्वतःचा डावा हात बघत होता. दुखणं त्याने थोडं कमी झालं, अगदी गेलं नाही.

आणि आता दुखणं पुसणाऱ्या चिपची दुसरी बाजू. ही चिप निसर्गाने काही माणसांना फुकट दिलेली आहे आणि तिचे परिणाम आपण महाराष्ट्रात जवळून पाहिलेले आहेत. कुष्ठरोगात बोटं झडतात, असं आपण म्हणत आलो. वेल्लोरला काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं रोगाने थेट झडत नाहीत. रोगाने संवेदना जाते, मग चटका कळत नाही, खिळा कळत नाही, जखम चिघळते आणि बोटं जातात. पुढे अमेरिकेत लुईझियाना राज्यात असताना ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांसाठी चक्क कृत्रिम दुखणं तयार करण्याचा घाट घातला. हातमोज्यांत दाब मोजणारी यंत्रं बसवली. धोका आला की शिट्टी वाजायची. रुग्ण शिट्टीकडे लक्ष देईनात. मग काखेत विजेचा झटका बसेल अशी सोय केली. रुग्णांनी काय करावं? काम अडलं की यंत्र बंद करायचं, काम उरकायचं आणि पुन्हा चालू करायचं. शेवटी तो प्रयोग सोडून द्यावा लागला. बंद करण्याचं बटण हातात असलेलं दुखणं कामाचं नसतं, असं दिसलं.

हे मी त्या चौघांना सांगितलं तेव्हा गेम मास्टरने, म्हणजे माझ्या मुलाने, पेन एडिटरवाल्या पात्राकडे अशा नजरेने पाहिलं, की त्या मुलाने घाईघाईने आपला कागद छातीशी धरला.

तरीही माणसं तो नाद सोडत नाहीत. १९८० सालच्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या चित्रपटात ल्यूकला नवा हात बसवल्यावर यंत्रवैद्य त्याच्या बोटांना सुई टोचून बघतो आणि ल्यूक दचकतो. तीन-चार सेकंदांचं दृश्य असेल. खेळांच्या जाडजूड पुस्तकांना जे सुचलं नाही, ते त्यात आहे: हात तेव्हा खरा, जेव्हा त्याला टोचतं. अमेरिकेत २०१४ साली मंजुरी मिळालेल्या एका अद्ययावत कृत्रिम हाताला या ल्यूकचंच नाव दिलं आहे. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका गटाने कृत्रिम हातासाठी रबर आणि कापडाची अशी त्वचा केली, जिला स्पर्श कळतो आणि टोकदार वस्तूचं टोचणंही कळतं. या गटातले ज्येष्ठ संशोधक नितीश ठाकोर हे मुंबईच्या आयआयटीतून शिकलेले. त्वचेला काय लागलं, त्याचा निरोप खुंटावर हलक्या विजेने पोचवतात आणि हात कापलेल्या माणसाला तो जाणवतो कुठे? तर त्याच्या नसलेल्या बोटांत. आम्ही ज्या हाताला नाटक म्हणालो, त्याच हाताच्या वाटेने.

तर त्या शनिवारी, ‘हे कुणी ठरवलं’ असं विचारून झाल्यावर मामा उठून टेबलापाशी येऊन बसला. मुलाने त्याला पुस्तक दाखवलं. मामाने चष्मा चढवून माणूसपणाचा नियम वाचला आणि म्हणाला, ‘हात बसवल्यावर माणुसकी कमी होते? माझी नाही झाली. शेटची झाली होती.’

सगळे हसले, आणि हसू आल्यावर टेबलावरचा ताण जरा सैल झाला. मग मुलाने सांगितलं, की या नव्या आवृत्तीत त्यांनी सुधारणा केली आहे. गेलेल्या हाताच्या जागी साधा, वैद्यकीय हात बसवला, त्यात बंदुका-बिंदुका घातल्या नाहीत, तर माणूसपण वजा होत नाही. हौस म्हणून बसवला तरच होतं.

‘हं,’ मामा म्हणाला. ‘म्हणजे मधल्या काळात यांनी कुणाला तरी विचारलेलं दिसतंय. पण रात्रीचं काही लिहिलं नाही.’

‘रात्रीचं काय, आजोबा?’ त्या मुलीने विचारलं. आणि पेन्सिल उचलली.

मी इतक्या वर्षांत त्याला विचारलं नव्हतं ते तिने विचारलं, कारण तिला नियम लिहायचा होता. रोज दुखतं का? नाही, रोज नाही. किती दिवसांनी? मामाने दहा बाजूंचा फासा उचलला, माझ्यासारखाच फिरवून पाहिला आणि म्हणाला, ‘यात एक पडला, की त्या रात्री.’ दहा रात्रींत एक. पावसाळ्यात एक किंवा दोन. काय होतं? मूठ आवळते. मग दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी कशात लक्ष लागत नाही, माणसं नकोशी होतात. वजा दोन? वजा दोन चालेल. पेन एडिटर लावला तर? इथे वाद झाला. दोन्ही मित्रांचं म्हणणं, चिप आहे तर चालली पाहिजे. मामा म्हणाला, ‘चिप जखमेवर चालते ना? इथे जखम कुठंय? हातच नाही.’ गेम मास्टरने मामाच्या बाजूने निकाल दिला.

आणखी एक नियम त्याने स्वतःहून सांगितला. हात गेल्यावर पहिलं वर्षभर माणूस विसरतो. पडणारा कप धरायला तोच हात पुढे जातो. ‘खेळात हे घ्या. कपाच्या जागी बंदूक घ्या हवी तर.’ त्या मुलीने तेही लिहून घेतलं. तिच्या पात्राला पुढच्याच प्रसंगात त्याचा फटका बसला आणि ती मामाकडे बघून ओरडली, ‘आजोबा, तुमच्यामुळे!’ मामा इतका खूश झालेला मी पाहिला नव्हता.

आता मामाही खेळतो. त्याचं पात्र टेक आहे, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारा. दोन्ही हात शाबूत ठेवलेत त्याने. दुसऱ्यांचे यंत्रहात दुरुस्त करायला तो भरमसाठ पैसे मागतो आणि यंत्राला जाळी लावल्याशिवाय कामाला हात लावत नाही, त्यामुळे खेळ अर्धा तास अडून बसतो.

गेल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमाराला त्याच्या खोलीत दिवा दिसला. आत गेले तर तो पलंगावर खुंट उजव्या काखेत दाबून बसला होता. अशा वेळी पूर्वी तो म्हणायचा, झोप येत नाही एवढंच. आणि मी ते खरं धरून निघून जायचे.

‘दुखतोय?’ मी विचारलं.

‘एक पडला,’ तो म्हणाला.

मी खुर्ची ओढून बसले. ‘वजा दोन?’

त्याने जरा विचार केला. ‘आज चार,’ म्हणाला. ‘तो आरसा कुठे ठेवलाय बघ.’